‘टाइप’ ठरवायची घाई नको : अस्थिशल्यचिकित्सेच्या विभागप्रमुखांना आणि शिक्षकांना खुलं पत्र

सन्माननीय विभागप्रमुख, प्राध्यापक आणि निवासी डॉक्टरांना घडवणाऱ्या माझ्या सर्व ज्येष्ठ सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

रात्री दोन वाजता निवासी डॉक्टरचा फोन आला. “मॅडम, कंपाउंड टिबिया आहे. टाइप वन. बीपी, पल्स ठीक आहेत.” कंपाउंड टिबिया म्हणजे नडगीच्या हाडाचं उघडं फ्रॅक्चर, हाड मोडून वरच्या कातडीलाही जखम झालेली. मी विचारलं, जखम केवढी? “अर्धा सेंटीमीटर, मॅडम. अगदी छोटी आहे.” मी म्हटलं, अँटिबायोटिक लगेच दे, धनुर्वाताचं इंजेक्शन दे, स्लॅब लाव, सकाळी पहिला घेऊ. सकाळी डोक्याला मार लागलेला एक पेशंट आधी ओटीत गेला आणि माझा पेशंट दुपारवर ढकलला गेला. कुणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही, कारण केसपेपरवर टाइप वन लिहिलेलं होतं.

दुपारी टेबलावर ड्रेसिंग सोडलं. नडगीच्या पुढच्या बाजूला करंगळीच्या नखाएवढी जखम, कडा जवळजवळ मिटलेल्या. त्यातून काळपट रक्त झिरपत होतं आणि त्या रक्तावर चरबीचे बारीक थेंब तरंगत होते. जखम वरखाली वाढवली आणि बोट आत घातलं, तर ते कातडीखालून वीतभर सरळ वर गेलं. वाटेत अडवणारं काही उरलंच नव्हतं. हाडावरचं आवरण, ज्यातून हाडाला रक्त मिळतं, ते सोलून निघालेलं. पुढच्या कप्प्यातला स्नायू काळसर आणि लिबलिबीत. चिमट्यात धरला तर आकसत नव्हता, कापला तर त्यातून रक्त येत नव्हतं. आणि हाडाच्या तुटलेल्या टोकात, पोकळीच्या आतपर्यंत, रस्त्यावरची काळी खडी ठासून बसली होती. बाहेरून नखाएवढं दिसणारं ते भोक म्हणजे हाड बाहेर येऊन, रस्त्यावर घासून पुन्हा आत गेल्याची खूण होती.

त्या माणसाच्या पायावर पुढे फ्लॅप करावा लागला, म्हणजे दुसरीकडचं जिवंत मांस-कातडी आणून हाड झाकावं लागलं, हाडात पू झाला, मेलेलं हाड काढावं लागलं, आणि तो आपल्या पायावर नीट उभा राहीपर्यंत दीड वर्ष गेलं. त्या रात्री मी स्वतः येऊन पाय बघितला असता आणि पहाटेच घेतला असता, तर हे सगळं टळलं असतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण फोनवर ऐकलेल्या दोन शब्दांवर मी झोपले, हे खरं आहे. निवासी डॉक्टरचा त्यात दोष नाही. त्याला आपण सगळ्यांनी मिळून जे शिकवलं तेच तो बोलला : एक सेंटीमीटरच्या आत, म्हणजे टाइप वन.

म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. उघड्या फ्रॅक्चरचं वर्गीकरण आणि त्यावरून केलेलं भाकीत या दोन गोष्टी आपण शिकवताना एकत्र कालवल्या आहेत, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. त्याची किंमत पेशंट देतो. डॉक्टर नसलेले वाचकही हे वाचतील, त्यामुळे काही ठिकाणी आपल्याला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहिलं आहे, त्याबद्दल राग मानू नये.

मुळात हे टाइप आले कुठून? रॅमन गस्टिलो आणि जॉन अँडरसन यांनी १९७६ साली मिनियापोलिसच्या रुग्णालयातली १०२५ उघडी फ्रॅक्चर प्रसिद्ध केली. त्यातली ६७३ ही १९५५ ते १९६८ या काळातली, मागे वळून तपासलेली. उरलेली ३५२ ही १९६९ ते १९७३ मधली, आधीच ठरवलेल्या पद्धतीने उपचार केलेली : सगळ्यांना अँटिबायोटिक, जखमेची पूर्ण सफाई, आणि गंभीर जखमा लगेच न शिवणं. पहिला प्रकार एक सेंटीमीटरच्या आतली स्वच्छ जखम, दुसरा त्याहून मोठी पण आजूबाजूचं मांस फारसं न चेंगरलेली, तिसरा मांस, कातडी, हाड सगळ्यांचीच वाताहत झालेली. इथवर प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं.

पण त्याच लेखातला जो आकडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, तो आपण वर्गात क्वचितच फळ्यावर लिहितो. तिसऱ्या प्रकारात जंतुसंसर्गाचं प्रमाण जुन्या काळातल्या पेशंटांमध्ये ४४ टक्के होतं, नव्या पद्धतीने उपचार केलेल्यांमध्ये ते ९ टक्क्यांवर आलं. प्रकार तोच, रुग्णालय तेच, नाव तेच. बदलले ते उपचार. टाइपवरून निकाल सांगता येतो असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत. ‘टाइप थ्री म्हणजे इतके टक्के इन्फेक्शन’ असं वाक्य आपण विद्यार्थ्याच्या तोंडी घालतो, तेव्हा ते टक्के कुणाच्या हातचे, कोणत्या काळातले आणि काय काय केल्यानंतरचे, हे त्याला सांगत नाही.

पुढे १९८४ मध्ये गस्टिलो, मेंडोझा आणि विल्यम्स यांनी तिसऱ्या प्रकाराचे तीन भाग केले, कारण तिसऱ्यात फारच वेगवेगळ्या जखमा एका टोपलीत पडत होत्या. ए म्हणजे हाड झाकायला पुरेसं मांस शिल्लक आहे, बी म्हणजे आवरण सोललं गेलं आहे, हाड उघडं पडलं आहे आणि ते झाकण्यासाठी सहसा फ्लॅप लागतो, सी म्हणजे रक्तवाहिनी तुटली आहे आणि ती जोडल्याशिवाय पाय जगणार नाही. त्या लेखात ८७ फ्रॅक्चर होती आणि बी प्रकारात जंतुसंसर्ग ५२ टक्के होता. २००० साली इंग्लंडमधून गोपाल आणि सहकाऱ्यांनी ८४ पेशंट प्रसिद्ध केले, सगळे बी किंवा सी. हाड पक्कं करायचं आणि लवकरात लवकर फ्लॅपने झाकायचं, दोन्ही शल्यचिकित्सक एकत्र बसून, ही त्यांची रीत. खोलवरचा जंतुसंसर्ग १० टक्क्यांच्या आत राहिला. ५२ आणि १० यांच्या मधलं जे अंतर आहे, ते जखमेचं नाही. प्लास्टिक सर्जन किती तासांत टेबलापाशी आला, त्याचं आहे.

बी प्रकाराबद्दल आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार टोचते. फ्लॅप लागला तर तो बी, नाही लागला तर ए, असा व्यवहारात अर्थ घेतला जातो. म्हणजे ज्या उपचाराचं भाकीत करायचं, त्याच उपचारावरून प्रकार ठरवायचा. फ्लॅप करणारं कुणी उपलब्ध नसेल आणि ड्रेसिंगवर ड्रेसिंग करत जखम महिनाभराने भरत आणली, तर तो पाय कागदावर ए होतो. चुकून कातडी ताणून शिवली आणि पाचव्या दिवशी ती काळी पडली, तर तोच पाय बी होतो. अशा खुंटीवर भाकिताचं गाठोडं टांगून ठेवणं मला पटत नाही.

आणि आपण सगळे तरी एकाच जखमेला एकच नाव देतो का? १९९४ मध्ये ब्रमबॅक आणि जोन्स यांनी १२ उघड्या फ्रॅक्चरची चित्रफीत २४५ अस्थिशल्यचिकित्सकांना दाखवली. एक्स-रे होते, सफाईच्या वेळची दृश्यं होती, माहिती सगळ्यांना सारखी. सरासरी एकमत निघालं ६० टक्के. एखाद्या केसमध्ये ते ९४ टक्क्यांपर्यंत गेलं, एखाद्यात ४२ टक्क्यांवर घसरलं. हे अस्थिशल्यचिकित्सकांचं झालं, निवांत बसून. कॅज्युअल्टीत, अपुऱ्या उजेडात, अंगावर आधीच तीन पेशंट असलेल्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरकडून आपण त्याहून चांगली अपेक्षा कशाच्या जोरावर करतो? त्याने बांधलेली पट्टी नीट सोडलेलीही नसते, आणि सोडूही नये, कारण जखम पुन्हा पुन्हा उघडून बघण्यात धोकाच आहे. मग त्याने लिहिलेल्या टाइपला निकालाचा दर्जा का मिळतो?

वर्गीकरण सफाई झाल्यावर टेबलावर करायचं असतं, कॅज्युअल्टीत नाही, हे पाठ्यपुस्तकात छापलेलं आहे. विद्यार्थी तोंडी परीक्षेत तसं उत्तरही देतात आणि त्याच संध्याकाळी फोनवर टाइप सांगतात. कारण आपण विचारतो. “टाइप कुठला?” हा फोनवरचा आपला पहिला प्रश्न असतो. मीही वर्षानुवर्षं तोच विचारला. आता मी विचारते : अपघात कसा झाला? कधी झाला? वाहनाचा वेग, उंचावरून पडणं, यंत्रात अडकणं, शेतातला चिखल की गटाराचं पाणी? एक्स-रेमध्ये हाड एका जागी मोडलं आहे की दोन जागी, चुरा किती? पाऊल गरम आहे का, नाडी लागते का, अंगठा हलतो का? पोटरी दगडासारखी लागते का? अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वाजता गेला? या प्रश्नांची उत्तरं कातडीवरचं भोक मोजून मिळत नाहीत. मूळ १९७६ च्या वर्गीकरणातसुद्धा दोन जागी तुटलेलं हाड, शेतातली जखम आणि बंदुकीची जखम ही सरळ तिसऱ्या प्रकारात धरलेली आहेत, बाहेरची जखम केवढीही असो. आपल्या शिकवण्यात ते गळून पडलं आणि सेंटीमीटर तेवढे उरले.

वेळेबद्दलही इथेच लिहिते. सहा तासांच्या आत सफाई झालीच पाहिजे, हा नियम आपल्यापैकी बहुतेकांनी घोकला. त्याचं मूळ १८९८ सालच्या फ्रीडरिश यांच्या प्रयोगात सांगितलं जातं, गिनीपिगांच्या जखमांत बागेतली माती आणि जिन्यातली धूळ घालून केलेल्या. पुढे माणसांवरच्या अभ्यासांत सहा तासांची अशी ठाम रेघ सापडली नाही. पहिला अँटिबायोटिक डोस लवकर जाणं मात्र पुन्हा पुन्हा महत्त्वाचं ठरलं. पॅटझाकिस आणि विल्किन्स यांच्या १९८९ च्या मोठ्या मालिकेत तीन तासांच्या आत डोस मिळालेल्यांत जंतुसंसर्ग ४.७ टक्के, उशिरा मिळालेल्यांत ७.४ टक्के होता. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना तर अपघातानंतर एका तासाच्या आत डोस द्या म्हणतात, आणि कायमचं झाकण ७२ तासांच्या आत. सहा तासांची रेघ पुसली गेली हे ठीक झालं, पण त्याचा अर्थ ‘टाइप वन आहे, सकाळी बघू’ असा माझ्यासारख्यांनी काढला. जखमेत घाण किती आहे आणि मार किती जोराचा आहे, यावर थांबायचं की नाही हे ठरायला हवं. माझ्या पेशंटच्या बाबतीत या दोन्हींपैकी एकही गोष्ट कुणी मला सांगितली नव्हती, कारण मी विचारलीच नव्हती.

आता स्कोअरकडे येते. टाइपपेक्षा स्कोअर अधिक धोक्याचा, कारण आकडा आला की माणसाचा विश्वास बसतो.

१९९० साली जोहान्सन आणि सहकाऱ्यांनी ‘मेस’ नावाचा स्कोअर दिला. हाडामांसाला किती मार, पायाचं रक्त किती वेळ बंद, पेशंट शॉकमध्ये होता का, आणि वय. रक्तपुरवठा सहा तासांहून अधिक वेळ बंद असेल तर त्याचे गुण दुप्पट. बेरीज सात किंवा त्याहून जास्त आली तर पाय कापावा लागतो, असं त्यांच्या पेशंटांमध्ये दिसलं. जुने २६ आणि नवे २६, एवढेच ते पाय. एवढ्या लहानशा पायावर जगभर पाय कापण्याचे निर्णय उभे राहिले. साध्या बेरजेत काय काय येतं बघा : तिशी ओलांडली की एक गुण, पन्नाशी ओलांडली की दोन. रक्तदाब कॅज्युअल्टीत येईपर्यंत खाली राहिला की वाटेत सलाईन मिळून वर आला, त्यावरही गुण बदलतो. म्हणजे रुग्णवाहिका आणि सलाईन कधी मिळालं, तेसुद्धा पायाच्या खात्यात जमा होतं.

अमेरिकेतल्या आठ मोठ्या ट्रॉमा केंद्रांनी मिळून गंभीर जखमी पायांचा ‘लीप’ हा अभ्यास केला. २००१ मध्ये बॉसी आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या ५५६ पायांवर मेस आणि त्याच्या जातीचे इतर स्कोअर घासून पाहिले. निष्कर्ष स्वच्छ होता. स्कोअर कमी असेल तर पाय बहुधा वाचवता येतो, एवढं सांगता येतं. स्कोअर जास्त आहे म्हणून पाय कापलाच पाहिजे, हे मात्र कुठलाच स्कोअर भरवशाने सांगू शकला नाही. अभ्यास होऊन इतकी वर्षं झाली, आणि तरी ‘मेस सात आहे, संमती घ्या’ हे वाक्य मी अजून ऐकते. एकतर्फी चालणारं हत्यार आहे हे. उलट्या बाजूने ते चालवायचं नसतं, हे विद्यार्थ्याला सांगायला वर्गात दोन मिनिटं लागतात.

तळपायाच्या संवेदनेचंही तसंच. आमच्या काळी शिकवलं जायचं की तळपाय बधिर म्हणजे पोटरीतली नस गेली, असा पाय वाचवून काय उपयोग. याच लीपमधून २००५ मध्ये आलेल्या निष्कर्षात, सुरुवातीला तळपाय बधिर असूनही ज्यांचे पाय वाचवले, त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांची संवेदना दोन वर्षांत परत आली होती. नस तुटलेली नव्हती, नुसती ताणली किंवा दबली गेली होती. पहिल्या रात्री टाचणी टोचून ‘वाटत नाही’ हे उत्तर मिळालं, की त्यावर आयुष्यभराचा निर्णय घेणाऱ्यांमध्ये मीही एकदा होते. वरिष्ठांनी त्या रात्री थांबवलं. तो तरुण नंतर अनेक महिने तपासणीला यायचा, आणि एके दिवशी त्याने आपणहून सांगितलं की आता चप्पल पायातून निसटली तर कळतं.

मी ‘पाय वाचवाच’ असं म्हणणाऱ्यांपैकी नाही, हेही स्पष्ट सांगते. लीपच्या २००२ च्या अहवालात ५६९ पेशंट होते. दोन वर्षांनी बघितलं तर पाय कापलेले आणि पाय वाचवलेले यांच्या एकूण हालचालीत, रोजच्या जगण्यात फारसा फरक निघाला नाही. दोन्हीकडे निम्म्याच्या आसपासच लोक कामावर परतले होते. पाय वाचवलेल्यांना रुग्णालयात पुन्हा भरती जास्त वेळा व्हावं लागलं. वाचवलेल्या पायासाठी वर्षामागून वर्षं ऑपरेशनं सोसलेली, नोकरी गेलेली, घरातली बचत संपलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकीने मला विचारलं होतं, “डॉक्टर, पहिल्याच दिवशी तुम्ही मला दोन्ही वाटा का नाही सांगितल्या?” मी त्या वेळी तिला स्कोअर सांगितला होता. स्कोअर चांगला होता, म्हणून पाय वाचेल असं म्हटलं होतं. पाय वाचलाही. तिने विचारलेलं त्या स्कोअरमध्ये कुठेच बसत नव्हतं.

त्याच अहवालात कोणाचा निकाल वाईट लागला याची जी कारणं निघाली, ती वाचून मी बराच वेळ कागद हातात धरून बसले होते. शिक्षण कमी असणं, गरिबी, विमा नसणं, आधाराला माणसं नसणं, स्वतःवरचा विश्वास कमी असणं, धूम्रपान, गुंतागुंत होऊन पुन्हा भरती व्हावं लागणं. जखमेच्या मोजमापाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, ही कारणं दोन वर्षांनंतरच्या जगण्यात दिसली. आपल्या एकाही टाइपमध्ये ‘घरी कोण आहे’ हा रकाना नाही. धूम्रपान सोडवणं, मानसिक आधार, समाजसेवा विभागाला बोलावणं, कामावर परत जाण्याची सोय, ही कामं आपण डिस्चार्जच्या दिवसावर ढकलतो. ती पहिल्याच आठवड्यात सुरू व्हायला हवीत, कारण त्यांच्यावर निकाल अवलंबून आहे.

सगळीच वर्गीकरणं निरुपयोगी आहेत असं मला म्हणायचं नाही. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधून राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दिलेला स्कोअर मी स्वतः वापरते, आणि त्याचं कारण त्याची मांडणी आहे. कातडी आणि तिच्याखालचं आवरण एक ते पाच, स्नायू-कंडरा-नसा एक ते पाच, हाड आणि सांधा एक ते पाच. शिवाय पेशंटच्या अंगच्या आणि परिस्थितीच्या सात गोष्टी, प्रत्येकी दोन गुण : सफाईला बारा तासांहून उशीर, गटाराची किंवा शेतातली घाण, पासष्टच्या वरचं वय, औषधावर असलेला मधुमेह किंवा हृदय-फुप्फुसाचा आजार, छातीपोटाची मोठी दुखापत, कमी रक्तदाब, त्याच पायाला आणखी मोठी इजा किंवा स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढणं. तो ए आणि बी प्रकारच्या १०९ नडगीच्या फ्रॅक्चरवर बेतलेला आहे. रक्तवाहिनी तुटलेल्या पायासाठी तो नाही, हे विसरलं जातं. मला त्यातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते ती म्हणजे त्यांनी करडा पट्टा मोकळा सोडला आहे. चौदा आणि त्याखाली पाय वाचवा, सतरा आणि वर कापण्याचा विचार करा, आणि पंधरा-सोळा असेल तर प्रत्येक पेशंटचा स्वतंत्र विचार करा. स्कोअर देणाऱ्यांनीच लिहून ठेवलं की इथे आकडा बोलणार नाही.

आणि बेरजेआधीचे ते वेगवेगळे आकडे मला अधिक कामाचे वाटतात. कातडी चार, हाड दोन, असं वाचलं की प्लास्टिक सर्जनला आजच बोलवायचं हे कळतं. कातडी दोन, हाड पाच, म्हणजे हाडाची पोकळी भरायची लांबची तयारी. दोन्हींची बेरीज जवळपास सारखी येईल, उपचार मात्र दोन दिशांना जातात. अमेरिकेतल्या ऑर्थोपेडिक ट्रॉमा असोसिएशनने २०१० मध्ये दिलेलं वर्गीकरणही याच वळणाचं आहे : कातडी, स्नायू, धमनी, घाण, हाडाचा तुकडा गमावणं, प्रत्येकाच्या तीन पायऱ्या. एकच नाव देण्यापेक्षा जखम जशी आहे तशी लिहून ठेवणं. भाकीत करायचं तेव्हा करा, आधी वर्णन तरी खरं असू द्या.

आपल्याकडे माझं मागणं आहे ते असं. कॅज्युअल्टीच्या कागदावर टाइपचा रकाना असेल तर त्याच्यापुढे ‘तात्पुरता’ हा शब्द छापून घ्या, आणि ऑपरेशन नोटमध्ये दुसरा रकाना द्या, जो सफाई करणाऱ्या डॉक्टरनेच, सफाई संपल्यावर, सहीनिशी भरायचा. त्यात कातडी, स्नायू, रक्तवाहिनी, घाण आणि हाड हे पाचही वेगळे लिहायचे. जखमेचा फोटो एकदाच काढायचा, मग ओल्या निर्जंतुक पट्टीने झाकायची, म्हणजे पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ती उघडून बघावी लागणार नाही. पहिल्या डोसची वेळ कागदावर घड्याळाप्रमाणे लिहायची. ‘दिला’ एवढं पुरत नाही. पाय कापायचा प्रश्न उभा राहिला तर जीव धोक्यात नसेल तेव्हा दोन वरिष्ठांनी, शक्यतो एक अस्थिशल्यचिकित्सक आणि एक प्लास्टिक सर्जन, प्रत्यक्ष जखम बघून ठरवायचं, आणि स्कोअर त्यांच्या चर्चेत एक मुद्दा म्हणून यावा. शक्य असेल तिथे पहिली सफाई झाल्यावर, पेशंट शुद्धीवर असताना, त्याच्याशी बोलून.

नातेवाइकांशी काय बोलायचं हेही शिकवायला हवं, आणि ते आपण शिकवत नाही. पहिल्या रात्री टक्केवारी सांगू नये. “आतून बघितल्याशिवाय मला खात्रीने सांगता येणार नाही, सफाई झाल्यावर मी स्वतः बाहेर येऊन सांगते” हे वाक्य बोलायला संकोच वाटायचं कारण नाही. मी ते बोलू लागले तेव्हा मला भीती होती की लोक म्हणतील, हिला काही कळत नाही. तसं कुणी म्हटलं नाही. उलट रात्री ‘छोटी जखम आहे’ म्हणून सांगितलेल्या घरच्यांना तिसऱ्या दिवशी फ्लॅपबद्दल सांगणं किती अवघड जातं, ते मी त्या नडगीच्या पेशंटच्या भावासमोर उभी राहून अनुभवलं. त्याला वाटलं आम्हीच काहीतरी बिघडवलं. त्याच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं.

परीक्षेबद्दल एकच. तोंडी परीक्षेत गस्टिलोचे प्रकार म्हणून दाखवायला सांगण्याऐवजी विद्यार्थ्याच्या हातात जखमेचा फोटो आणि एक्स-रे द्या आणि विचारा, यावरून तुला काय सांगता येणार नाही? जो विद्यार्थी या प्रश्नाला नीट उत्तर देतो, त्याच्या हाती रात्री दोनचा पेशंट सोपवायला मला भीती वाटणार नाही.

शेवटचा मुद्दा नोंदींचा, आणि तो मला अगदी अलीकडे लक्षात आला. दोन वर्षांपूर्वीचे उघड्या फ्रॅक्चरचे निकाल तपासायचे म्हणून आम्ही विभागातल्या नोंदी काढल्या. माझा तो नडगीचा पेशंट सापडला. कॅज्युअल्टीच्या पानावर टाइप वन. माझ्या ऑपरेशन नोटमध्ये, माझ्याच अक्षरात, थ्री-बी. आणि डिस्चार्ज कार्ड तयार करताना कुणीतरी पहिल्या पानावरून उतरवून घेतलेलं, त्यामुळे तिथे पुन्हा टाइप वन. रजिस्टरमध्ये कार्डावरची नोंद गेली होती. म्हणजे आमच्या आकडेवारीत तो ‘टाइप वन, तरीही हाडात पू’ असा बसला होता. अजून चार केसपेपर उघडले, त्यातल्या एकात हाच प्रकार निघाला. उद्या कुणी याच रजिस्टरवरून नवा स्कोअर बनवेल, संगणकाला शिकवून भाकीत करायला लावेल, तर ते यंत्रही पहिल्या रात्रीचा अंदाज खरा धरूनच शिकेल. आपापल्या विभागातली शेवटची वीस-पंचवीस कार्डं ऑपरेशन नोटशी एकदा ताडून बघावीत, ही माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. एका दुपारचं काम आहे.

माझ्या पेशंटची नोंद मी गेल्या आठवड्यात दुरुस्त करून घेतली. जुनं खोडलेलं नाही. त्याखाली तारीख घालून ‘सफाईनंतर ३-बी’ असं लिहिलं आहे आणि सही केली आहे.

आपली नम्र,
एक अस्थिशल्यचिकित्सक